उपशावर जगणारी भूमी : इंग्लंडच्या फेन प्रदेशाचा प्रश्न कुठवर आला आहे

केंब्रिज हे नाव मराठी घरांत रँग्लर परांजपे यांच्यापासून ओळखीचे आहे. १८९९ साली ते तेथे सीनिअर रँग्लर झाले. पुढे जयंत नारळीकरांपर्यंत आपल्याकडचे अनेक जण त्या गावात राहिले, शिकले. मात्र केंब्रिजची वेस ओलांडून उत्तरेकडे निघाले की जो सपाट, काळा, चरांनी आखलेला मुलूख लागतो, त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. त्याच १८९९ साली नॅशनल ट्रस्टने तिथल्या विकेन फेन नावाच्या दलदलीचा दोन एकरांचा तुकडा दहा पौंडांना विकत घेतला. आजूबाजूची बहुतेक दलदल तोवर शेतीखाली गेली होती. हा तुकडा दलदल म्हणूनच राहावा, एवढाच हेतू होता.

दलदल उपसून शेती करावी की दलदल राखावी, हा वाद तेव्हाही नवा नव्हता. सतराव्या शतकापासून तो चालू आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हवामानबदलामुळे त्याला वेगळीच निकड आली आहे. इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ, शेतकरी, पक्षिमित्र आणि मृदाशास्त्रज्ञ असे सगळेच आता त्यात आहेत.

भूमीची घडण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाचा उथळ, चौकोनी उपसागर आहे. विटम, वेलंड, नीन आणि ग्रेट उझ या चार नद्या त्याला मिळतात. त्यांच्या मुखांमागे केंब्रिजशायर, लिंकनशायर, नॉरफक आणि थोड्या सफक परगण्यात पसरलेला सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरचा सखल पट्टा म्हणजे फेन. समुद्राजवळच्या भागात भरतीने आणून टाकलेला गाळ आहे. आत, दक्षिणेकडे पीट आहे. पाण्यात बुडाल्यामुळे पुरती न कुजलेली बोरू, लव्हाळी, झाडेझुडपे हजारो वर्षे थरावर थर साचून ही काळी, भुसभुशीत जमीन झाली. एली, मार्च, चॅटरिस, व्हिटल्सी, थॉर्नी, रॅम्झी ही गावे एके काळी शब्दशः बेटे होती. चिकणमातीच्या किंचित उंचवट्यांवर वस्ती आणि चहूकडे पाणी.

पीटचा एक गुणधर्म समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. पीटमधले पाणी काढले की तो आधी आक्रसतो. मग हवा आत शिरते, इतकी वर्षे थांबलेले कुजणे सुरू होते आणि साठलेला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेली कोरडी पूड वसंतातल्या वाऱ्याने उडते. तिथले लोक त्या काळ्या वावटळीला ‘फेन ब्लो’ म्हणतात. म्हणजे निचरा जितका चांगला, तितकी जमीन खाली जाते; आणि जमीन जितकी खाली, तितका पुढचा निचरा कठीण.

हे डोळ्यांनी पाहायचे तर होम फेनला जावे. तिथला व्हिटल्सी मिअर हा सखल इंग्लंडमधला सर्वांत मोठा तलाव मानला जाई. १८५१ मध्ये, लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याच वर्षी लोकांनी पाहिलेल्या ॲपॉल्डच्या केंद्रोत्सारी पंपाने तो उपसला गेला. जमीन खचणार याची जाणत्यांना कल्पना होती. म्हणून एक लोखंडी खांब पीटखालच्या घट्ट मातीपर्यंत रोवून त्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवला. हा खांब क्रिस्टल पॅलेसमधला असल्याचे सांगतात. पहिल्या दहा वर्षांतच तो दीड मीटरच्या आसपास उघडा पडला. आज त्याचा माथा जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. जमीन समुद्रसपाटीखाली पावणेतीन मीटर गेली असून ग्रेट ब्रिटनमधली ती सर्वांत खोल जागा आहे.

प्रिकविलो या खेड्यात हेच उलट्या बाजूने दिसते. ग्रेट उझ नदीच्या जुन्या, सोडून दिलेल्या पात्रावर हे गाव बसले आहे. नदीचा गाळ आक्रसत नाही, दोन्ही बाजूंचा पीट मात्र खचत गेला. त्यामुळे जे पात्र होते त्याचा आज उंचवटा झाला आहे. अशा उंचवट्यांना तिकडे ‘रॉडन’ म्हणतात, आणि घर बांधायचे तर रॉडनवरच बांधावे हे तिथल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गावातल्या पाद्र्यांच्या जुन्या घराला जमीन खाली जाईल तशा दारापुढे पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

उपशाची हकीकत

पाणी हटवण्याचे प्रयत्न रोमनांपासूनचे. मध्ययुगात मठांनी आणि बिशपांनी तुटक चर खणले. सगळा मुलूख एका योजनेखाली आणण्याचा घाट मात्र १६३० साली घातला गेला. बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल आणि त्याचे तेरा भागीदार यांनी पैसा उभा केला. मोबदल्यात उपसलेल्या जमिनीचा हिस्सा त्यांना मिळायचा होता. स्थापत्यकार म्हणून डच अभियंता कॉर्नेलियस फेरमायडेन होता. वळणे घेत रेंगाळणाऱ्या नदीला सरळ, आखूड वाट दिली की पाणी वेगाने समुद्राला जाईल आणि तळाचा गाळही धुऊन नेईल, हे त्याचे सूत्र. १६३७ पर्यंत ओल्ड बेडफर्ड नदी खणून झाली, सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि सरळसोट. यादवी युद्धानंतर १६५१ मध्ये तिला समांतर दुसरी, न्यू बेडफर्ड, खणली गेली. त्या कामावर डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी जुंपले गेले, नंतर डच युद्धकैदीही. त्यांच्या घामाची नोंद या प्रदेशाच्या गौरवगाथांत फार थोड्या ठिकाणी सापडते.

दोन नद्यांमधला सुमारे अर्धा मैल रुंदीचा पट्टा पुराचे पाणी साठवायला मोकळा ठेवला. हे उझ वॉशेस आजही तेच काम करतात, आणि हिवाळ्यात सैबेरिया व आइसलंडहून येणारे हजारो हंस तिथे उतरतात. फेरमायडेनच्या साऱ्या कामातली सर्वांत टिकाऊ कल्पना हीच, असे मला वाटते, कारण तिथे त्याने पाण्याला हाकलण्याऐवजी जागा करून दिली.

बाकी ठिकाणी पीटने आपला गुण दाखवला. शतकभरात शेते नद्यांपेक्षा खाली गेली. चरातले पाणी नदीत चढवायला पवनचक्क्या आल्या, १८२०च्या सुमारास वाफेची इंजिने आली (स्ट्रेटमचे १८३१चे इंजिन अजून जागेवर आहे), मग डिझेल, मग वीज. ग्रेट उझवरचे डेन्व्हरचे जलद्वार १७१३ मध्ये भरतीने उद्ध्वस्त केले, ते पुन्हा बांधले गेले. मार्च १९४७ मध्ये बर्फ वितळून मोठा पूर आला. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसे दगावली. त्यानंतरची बचावाची मोठी कामे १९६४ पर्यंत पुरी झाली. २०१० साली सुरू झालेले सेंट जर्मन्सचे उपसा केंद्र सेकंदाला १०० घनमीटर पाणी उचलू शकते. फेनमध्ये शेती आहे, रस्ते आहेत, घरे आहेत, ती हे पंप चालू आहेत म्हणून.

इतिहासकारांचे तीन पक्ष

फेनच्या निचऱ्याकडे कसे पाहावे यावर इतिहासकारांत एकवाक्यता नाही. सर्वांत जुना आणि दीर्घकाळ मानला गेलेला पक्ष प्रगतीचा. १६६२ मध्ये विल्यम डगडेलने बांधबंदिस्तीचा जो इतिहास लिहिला तो निचरा करणाऱ्यांच्याच आश्रयाने लिहिला. त्यात फेन म्हणजे रोगट ओसाडी आणि तिथले लोक रानटी. विसाव्या शतकात केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ एच. सी. डार्बी यांनी १९४० साली दोन ग्रंथ काढून या विषयाचा पाया घातला. डार्बींची मांडणी डगडेलसारखी एकांगी नाही. मध्ययुगीन फेनमधली मासेमारी, गवत, मीठ, सरपण यांची बारीक मोजदाद त्यांनीच प्रथम केली. तरीही त्यांच्या कथेची दिशा पाण्याकडून शेतीकडे, अव्यवस्थेकडून व्यवस्थेकडे अशीच राहते.

दुसरा पक्ष हिरावून घेतलेल्यांचा. फेन कोरडी नव्हती, पण ओसाडही नव्हती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथे गुरे चरत. हिवाळ्यात मासे, रानबदके, शाकारणीचा बोरू, जळणाचा पीट. यातले बहुतेक गायरानासारखे सामाईक हक्काचे होते, आणि पाणथळीतल्या वाम माशांनी खंड भरण्याची चाल तर १०८६च्या डूम्सडे नोंदींतही दिसते. निचरा झाला तेव्हा हे हक्क तुटले. बांध फोडणारे, जलद्वारे मोडणारे ‘फेन टायगर’ या रागातून उभे राहिले. कीथ लिंडली यांनी १९८२ मध्ये या दंग्यांचा इतिहास लिहिला. टास्मानियाचे जेम्स बॉइस यांनी २०२० मध्ये ‘इंपीरियल मड’ या पुस्तकात आणखी पुढे जाऊन म्हटले की इंग्लंडने वसाहतींत जे केले त्याची तालीम घरच्या दलदलीत झाली होती. ‘ही पडीक जमीन आहे, इथले लोक आळशी आहेत, आम्ही ती सुधारू’ ही भाषा भारतीय वाचकाला अनोळखी नाही. त्यामुळे बॉइस यांचे म्हणणे आपल्याला चटकन पटते. म्हणूनच ते जरा सावकाश तपासायला हवे. सामाईक हक्क असलेले सगळे गरीब नव्हते. मोठी जनावरे बाळगणाऱ्या सधन कुळांनी त्यांतला मोठा वाटा उचलला होता आणि त्यांच्यापैकी काही निचऱ्याच्या बाजूनेही गेले. ‘एग्यू’ नावाचा हिवताप खरा होता. त्यावर अफूच्या बोंडांचा काढा घेणे घरोघर चाले. ऑलिव्हर क्रॉमवेल तर दोन्ही बाजूंना सापडतो. १६३०च्या दशकात तो एलीला राहत असताना फेनमधल्या लोकांचा कैवारी म्हणून ओळखला गेला, आणि सत्ता हाती आल्यावर निचरा पुढे न्यायला त्याने हातभार लावला.

तिसरा पक्ष सातत्याचा. सुझन ऊस्टहाउझन यांनी २०१७ च्या ‘द अँग्लो-सॅक्सन फेनलंड’मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की रोमन गेल्यावर फेन ओस पडली हे गृहीतकच कच्चे आहे. सामाईक कुरणे वाटून घेण्याचे नियम, पाण्याची पातळी सांभाळण्याच्या पद्धती फार जुन्या असाव्यात आणि माणसांची वस्ती सलग राहिली असावी, असे त्यांचे म्हणणे. गुथलॅक या संताच्या चरित्रात क्रोलंडची दलदल भुताखेतांनी भरलेली, निर्मनुष्य दिसते, आणि पुढच्या कित्येकांनी ते वर्णन खरे धरले. संताचे तप उठून दिसावे म्हणून केलेली ती रचना असू शकते, ही ऊस्टहाउझन यांची सूचना मला सबळ वाटते. नियमांचे जुनेपण मात्र त्या अनुमानाने सिद्ध करतात. त्याला लेखी आधार फार थोडा आहे, त्यामुळे हा मुद्दा खुलाच आहे.

मातीत जपलेला वारसा

पुरातत्त्वात मात्र मतभेद कमी आणि घाई जास्त आहे. पाण्याखालच्या पीटमध्ये हवा नसते, म्हणून लाकूड, कापड, अन्नसुद्धा तीन-तीन हजार वर्षे टिकते. १९८२ मध्ये फ्रान्सिस प्रायर यांना पीटरबराजवळ फ्लॅग फेन येथे कांस्ययुगातली, खांब रोवून केलेली सुमारे एक किलोमीटरची वाट सापडली. हजारो लाकडे, आणि त्यांच्या कडेने मुद्दाम मोडून पाण्यात सोडलेल्या तलवारी व दागिने. जवळच मस्ट फार्म येथे आधी नऊ ओंडक्यांच्या होड्या निघाल्या, मग २०१५-१६ मध्ये अख्खी वस्ती. इसवी सनापूर्वी ८५०च्या सुमारास नदीवर खांबांवर उभारलेली ही गोल घरे बांधून वर्षही झाले नव्हते तेव्हा आग लागली, आणि सगळा संसार जसाच्या तसा पाण्यात कोसळून गाळात गाडला गेला. एका वाडग्यात धान्याची पेज होती आणि ढवळायची लाकडी पळी त्यातच राहिली होती. झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्याचे तलम विणकाम, रंगीत काचेचे मणी, एक जवळजवळ पूर्ण चाक. २०२४ मध्ये उत्खननाचा सविस्तर अहवाल आला आणि कांस्ययुगातल्या घरगुती जीवनाविषयी ब्रिटनमध्ये इतकी माहिती दुसऱ्या कुठल्या स्थळाने दिलेली नाही, हे मान्य झाले.

पीट सुकला की हा सगळा ठेवा संपतो. जमिनीत अजून काय असेल याचा पूर्ण अंदाज कुणालाच नाही, आणि नांगराचा फाळ दर वर्षी थोडा खोल जात आहे. शेतकऱ्यांच्या नांगराला हजारो वर्षांपूर्वीचे काळे ओक लागतात हे नेहमीचेच. २०१२ साली नॉरफकमधल्या शेतात निघालेल्या अशाच एका पाच हजार वर्षांच्या ओकापासून तेरा मीटर लांबीचे मेज घडवले गेले, ते एलीच्या कॅथीड्रलमध्ये ठेवले होते. १०८३ मध्ये पाया घातलेले ते कॅथीड्रल मैलोन्‌मैल सपाटीवरून दिसते. १३२२ मध्ये त्याचा मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी ओकाचा अष्टकोनी घुमट उभारला गेला.

जिवंत वारशाचेही काही अंश आहेत. व्हिटल्सीला दर जानेवारीत पेंढ्याने मढवलेल्या माणसाला ‘स्ट्रॉ बेअर’ म्हणून नाचवत नेतात. बंद पडलेली ही प्रथा १९८० मध्ये गावाने पुन्हा सुरू केली. गोठलेल्या कुरणांवर बर्फावरच्या शर्यती चालत, पण आता पुरेशी थंडी पडण्याची वर्षेच विरळ झाली आहेत.

आजचा पेच

इंग्लंडमधल्या पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी फेनमध्ये आहे. बटाटे, गाजरे, सेलरी, कांदे, बीट, सॅलडची पाने, फुलांचे कंद. देशातल्या ताज्या भाज्यांचा तिसरा हिस्सा येथून येतो, असे शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना सांगते. त्यांची बाजू सरळ आहे : ही जमीन पाण्याखाली घातली तर भाजी परदेशातून आणावी लागेल, तिथेही पाणी आणि इंधन लागणारच, आणि चार-पाच पिढ्या इथे राबलेल्या घरांचे काय? हे म्हणणे कुणीही झटकून टाकू नये.

दुसऱ्या बाजूला कर्बाचा हिशेब आहे. सरकारने २०२१ मध्ये नेमलेल्या सखल पीट कृतिगटाचा अहवाल २०२३ मध्ये आला. निचरा करून शेतीखाली आणलेला सखल पीट इंग्लंडच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के सोडतो. थोड्या जमिनीतून एवढे उत्सर्जन होते म्हणून निसर्गसंस्थांचा पाणी परत आणण्याचा आग्रह. २००१ पासूनची ग्रेट फेन योजना वुडवॉल्टन आणि होम या दोन राखीव दलदलींमधली सुमारे ३,७०० हेक्टर जमीन जोडू पाहते. विकेन फेनच्या योजनेची मुदतच शंभर वर्षांची आहे. लेकनहीथला गाजराची शेते पुन्हा बोरूखाली आणली, तर २००७ मध्ये तिथे क्रौंच येऊन घरटी करू लागले. फेनमध्ये क्रौंचांची वीण सुमारे चारशे वर्षांत प्रथमच होत होती.

या दोहोंमधला तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत पुढे आला, आणि चर्चेचा सूर त्यानेच बदलला. क्रिस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की पीटमधून किती वायू निघेल हे मुख्यतः भूजलाच्या खोलीवर ठरते. पाणी दर १० सेंटिमीटर वर आणले की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. हे पाणी पृष्ठभागापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत चालते, त्याहून वर मिथेन वाढू लागतो. म्हणजे शेती पूर्ण बंद न करताही बराच कर्ब राखता येईल. ओल्या जमिनीतच वाढणारी पिके घेण्याचे प्रयोगही ग्रेट फेनमध्ये चालू आहेत : पाणकणीस, स्फॅग्नम शेवाळ, तरंगते मॅनागवत. पाणकणसाच्या तंतूंचा उपयोग भिंतींच्या उष्णतारोधक भरावाला आणि जाकिटांत भरायला होतो. अजून त्यांना बटाट्याएवढा बाजार नाही.

सुटायचे काय राहिले आहे

पहिला प्रश्न पाण्याचा, आणि बाहेरच्यांना तो आश्चर्यकारक वाटतो. ज्या भूमीतून चारशे वर्षे पाणी काढले ती देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी आहे. एलीच्या आसपास वर्षाला ६०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पुण्यात यापेक्षा जास्त पडतो. हिवाळ्याचे पाणी उपसून समुद्रात सोडायचे आणि उन्हाळ्यात शेताला, शहराला आणि दलदलीला मिळून पाणी पुरवायचे, हा मेळ अजून बसलेला नाही. चॅटरिस आणि मार्चच्या दरम्यान मोठा जलाशय बांधायची योजना आहे, पण त्यातले पाणी प्रामुख्याने नळांसाठी आहे. शेतीच्या पाण्यासाठी साठवणीचे तळे कुणाच्या शेतात खणायचे, हे ठरायचे आहे.

दुसरा प्रश्न समुद्राचा. डेन्व्हरसारखी जलद्वारे ओहोटीतच उघडतात. समुद्र जसजसा चढेल तसतसा ओहोटीचा हा अवधी घटेल आणि पंपांवरचा भार वाढेल. पुढच्या शंभर वर्षांची बचावव्यवस्था आखायला ‘फेन्स २१००+’ हा कार्यक्रम सुरू आहे. खर्च कुणी किती सोसायचा, यावर तोडगा निघालेला नाही.

तिसरा प्रश्न माणसांचा. भाजीपाला काढायला पूर्व युरोपातले मजूर आले आणि २०१६च्या सार्वमतात लिंकनशायरमधल्या बॉस्टनने देशात सर्वाधिक, ७५.६ टक्के, मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने दिली. ओली शेती आली तर किती हातांना काम उरेल, यावर चर्चा फार कमी होते. माझ्या मते आजच्या सगळ्या अहवालांतला हा सर्वांत ठळक अभाव आहे.

चौथा प्रश्न कुठून सुरुवात करायची हा. पीट अजून जाड आहे अशी शेते थोडी उरली आहेत. बऱ्याच ठिकाणी तो इतका विरला आहे की नांगराला खालची चिकणमाती लागते. जिथे पीट संपल्यात जमा आहे तिथे पाणी परत आणून फारसा कर्ब वाचणार नाही, तिथे शेती चालू देणेच शहाणपणाचे. जाड पीट असलेल्या शेतांत मात्र पाणी आधी वर आणावे, आणि त्यामुळे उत्पन्न घटणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने एका हंगामापुरते नव्हे तर दीर्घ मुदतीच्या कराराने भरपाई द्यावी. हा कौल देण्याइतका पुरावा आज आपल्यापुढे आहे. पाण्याची पातळी प्रत्यक्षात ठरवणारी स्थानिक निचरा मंडळे मात्र शेत कोरडे ठेवण्यासाठी स्थापन झालेली आहेत, आणि त्यांच्या कामाच्या व्याख्येत पीट राखणे हे कर्तव्य म्हणून घातल्याशिवाय यातले काहीही मोठ्या प्रमाणावर घडणार नाही.